भुजलीचा उपास

पिपरघाट, जि. भंडारा
२९ जानेवारी २०२४

माझी भुजली,

बसली आहेस का? नसशील तर बस अन् मंग वाच. फोनवर सांगतलं असतं, पण माह्या कानाचं तुले माहीत आहे. तू तिकडून बोलते ते मले अर्धं ऐकू येते, मी त्या अर्ध्याचं उत्तर देतो, अन् मंग दोघीही कावतो. आपली पत्रंच बरी.

काल शाळेच्या पटांगणात नवीन गावच्या प्लॉटच्या चिठ्ठ्या निघाल्या. धरणाचं पाणी औंदाच्या पावसाळ्यात गावात शिरणार म्हणतेत, आता आजचं उद्यावर ढकलता येत नाई. पुनर्वसनाच्या साहेबानं स्टीलचा डबा ठेवला, त्यात सगळ्या घरांची नावं. शाळेतली एक लहान पोरगी चिठ्ठी काढे अन् साहेब वाचे. आमचा चौदा नंबर निघाला, चौकाजवळ, उंचावर. मंग साहेबानं पंधरा नंबर पुकारला. कोणाचा असंल, सांग? परसरामदादाचा! तुह्या भावाचा वं! भिंतीले भिंत! म्या भर सभेत टाळी वाजवली. राजकुमारच्या बाबानं असे डोळे वटारले, म्हणे, "चंद्रकला, खाली बस." बसते कोण!

आता तू माहेरी आली का मी खिडकीतूनच हाक मारीन. जुन्या गावात तुह्या घरी याचं म्हणजे आधी अख्खं गाव ओलांडा, मंग कोंडवाडा, मंग नाला, अन् त्याच्या पलीकडे दक्षिणेले तुमचा मोहल्ला. लहानपणी किती पळालो त्या वाटेनं. तुही माय माह्यासाठी शेंगदाणे भाजून ठेवे, "पोरीचा उपास असते" म्हणून. त्या शेंगदाण्याचा वास अजून माह्या नाकात आहे.

माह्या भासऱ्याचा, राजकुमारच्या मोठ्या काकाचा, भैय्याजीचा, नंबर मात्र साफ दक्षिणेच्या टोकावर गेला, खोलगट जागेत. कालपासून जेवण गोड लागत नाई त्यायले.

रेणूनं तुहं मागचं पत्र पाह्यलं. विचारते, "आई, ही मावशी तुले भुजली काहून म्हणते? नाव काहून नाई लिहीत?" कॉलेजात जाते अन् एवढं माहीत नाई! म्या सांगतलं, राखीच्या आधी टोपलीत गहू पेरतेत, राखीच्या दुसऱ्या दिवशी ते पिवळे कोंब तलावात शिरवतेत, अन् जिनं आपल्या कानावर कोंब खोवला ते जन्माची भुजली. मंग तिचं नाव घ्याचं नाई, लिहाचं नाई, काही झालं तरी. भुजली, त्यासाठी तुह्या बाबानं तुले झोडपलं होतं, आठवते? "आपण बौद्ध झालो, आता हे कायले?" अन् माह्या आजीनं मले विहिरीवर नेऊन डोक्यावरून पाणी ओतलं. शिक्षा दोघींनी भोगली, पण नाव सोडलं ते सोडलंच.

प्लॉट पाहाले लवकर येजो.

तुही भुजली


चंद्रपूर
७ फेब्रुवारी २०२४

माझी भुजली,

तुझं पत्र हातात घेऊन मी वेड्यासारखी घरभर फिरले. शेजारच्या गिरजाबाईंनी विचारलं, लॉटरी लागली का? म्हटलं, हो, लागलीच समजा.

तुला वाटेल, एवढं काय त्यात? तुझं घर चौकात, माझ्या भावाचं चौकात. पण मी तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केली, लोकांना सुया टोचल्या, पोरं या हातांवर झेलली, सगळ्या जातीच्या बायांनी माझा हात धरून बाळंतपण काढलं. आणि सुट्टीत गावी आले की एस्टीतून उतरून त्याच वाटेनं नाल्यापलीकडे. गावाचं वापरून झालेलं पाणी ज्या बाजूला वाहतं त्या बाजूला. बाबा छप्पन्न साली नागपूरला जाऊन आले, घरातले देव नदीत सोडले, नाव बदललं, बोलणं बदललं. मरताना मला म्हणाले होते, "पोरी, सगळं बदललं, घराची जागा तेवढी तिथंच राहिली." कोणी नकाशा काढला होता तो, कधी काढला, कोणालाच माहीत नाही. आणि आता एका लहान पोरीनं डब्यात हात घातला आणि तो मोडला. त्या डब्याला जात माहीत नव्हती ग.

म्हणूनच मला भीतीही वाटते. बाजूच्या दोन पुनर्वसनांत काय झालं ते मी ऐकलंय. चिठ्ठ्या निघतात, मग महिनाभरात "आपसातल्या मर्जीनं" अदलाबदल होते आणि गाव पुन्हा होतं तसं बसतं. मी दादाला सांगितलंय, मला विचारल्याशिवाय कुठंही सही करायची नाही. पण तो भोळा आहे, कोणी दोन शब्द गोड बोललं की विरघळतो. तू तिथं आहेस. तू लक्ष ठेव. तुझ्यावर सोडते.

तुझी भुजली


पिपरघाट
३ मार्च २०२४

माझी भुजली,

उशीर झाला, रागावू नोको. घरात नुसती धावपळ आहे. राजकुमारचं जमलं! पोरगी आंधळगावची, साधना नाव. घरी कोशाच्या रेशमी कापडाचा धंदा. पोरगी काळीसावळी पण बोलाले मोठी गोड, आली तशी माह्या पाया पडली अन् कानापाशी येऊन जोरानं बोलली, कोणी सांगतलं नसताना. तिची माय मात्र भारी चौकस. घर कुठं बांधणार, किती खोल्या, नळ कुठं, आजूबाजूले कोण, सगळं विचारून गेली.

मोहफुलं पडाले लागली. नदीकाठचा तो जुना मोह यंदा शेवटचा वेचाचा, पुढच्या साली तो पाण्याखाली. बाया वेचता वेचता रडतेत अन् हासतेतही.

परसरामदादा बरा आहे. त्याच्या अंकुशच्या बायकोले, प्रतिक्षाले, दिवस गेले आहेत, तुले कळलंच असंल.

प्लॉटांची गावात थोडी इकडली तिकडे होऊन राहिली. नव्या विहाराची जागा दक्षिणेले धरली आहे, तर तुमच्याकडच्या काही लोकायले तिकडेच बरं वाटते. दादाच्याही मनात तसं आहे असं ऐकलं. आता ज्याले त्याले आपल्या सोयीचं. तू जास्त मनावर घेऊ नोको.

लग्न मे महिन्यात. तुले यावंच लागते.

तुही भुजली


चंद्रपूर
१९ मार्च २०२४

माझी भुजली,

तू "ऐकलं" म्हणून लिहिलंस, आणि इकडे सगळं होऊनही गेलं. मी दादाला फोन केला. सही करून मोकळा झालाय. पंधरा नंबर तुझ्या भासऱ्याला आणि त्यांचा दक्षिणेचा आपल्याला. विचारलं, कोणी जबरदस्ती केली? म्हणाला, नाही. कोणी सांगितलं? म्हणाला, "कोणी नाही, मीच मागितला, विहार जवळ पडेल." एवढंच घोकत राहिला.

मग माझा तोल गेला. मी त्याला म्हटलं, बाबांनी देव नदीत सोडले ते तू पुन्हा नाल्यापलीकडे जाऊन बसावंस म्हणून का? म्हटलं, एवढं मोठं धरण आलं, मंदिर बुडणार, शाळा बुडणार, नदीकाठचे मोह बुडणार, फक्त आपला दक्षिणेचा मोहल्ला तेवढा बुडेना, तू तो डोक्यावर उचलून नव्या गावात नेलास. भित्रा म्हटलं. आणखीही एक शब्द वापरला, तो तुला लिहवत नाही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "जेवली का तू?"

चौदा एप्रिलला त्याच्या नव्या घरात बुद्धवंदना आहे. मी जाणार नाही, सांगून टाकलं.

तू तरी काय करणार होतीस? बायांना कोण विचारतं? तुझा दोष नाही. फक्त त्याच्याकडे पाहत जा अधूनमधून.

तुझी भुजली


पिपरघाट (नवीन)
२४ एप्रिल २०२४

माझी भुजली,

सोबत लग्नाची पत्रिका पाठवतो.

आम्ही नव्या गावात आलो. भिंती झाल्या, वर सध्या टिनाचे पत्रे. भैय्याजीनं बाजूच्या जागेवर कॉलम उभे केले, त्यायले दोन मजली बांधाचं आहे.

चौदा तारखेले दादाच्या घरी वंदना झाली. मी दुरून पाह्यलं. पांढरा कडक सदरा घालून तो फाटकापाशी उभा होता अन् एस्टीच्या रस्त्याकडे पाहे. लोक आत बसले तरी हा बाहेरच. भुजली, तू त्याले एवढं बोलाले नोको होतं.

तुले अजून काही लिहाचं होतं. पण घरात पाव्हणे आहेत, मंग लिहीन.

लग्नाले येजो वं. तू आली नाई तर माह्या जिवाले चैन पडणार नाई.

तुही भुजली


चंद्रपूर
१० जून २०२४

माझी भुजली,

लग्नाला आले नाही. गुडघे दुखतात असं रेणूला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. गावी आले असते तर दादासमोर उभं राहावं लागलं असतं.

तीन महिने होत आले, आम्ही बोललो नाही. तुला ठाऊक आहे, दादा नववीत शाळा सोडून धानाच्या बांधीत रोवणीला गेला म्हणून मी नर्सिंगला जाऊ शकले. आईला म्हणाला होता, दोघांतलं एक शिकलं तरी पुष्कळ. त्या माणसाला मी भित्रा म्हटलं. पुन्हा वाटतं, मी काय चुकीचं बोलले? हातात आलेली जागा त्यानं आपल्या हातानं दिली. माणसानं स्वतःच दिली तर दुसऱ्यांना काय बोलायचं?

तू दोघांना ओळखतेस. तूच सांग, माझं बरोबर आहे ना? तू हो म्हणालीस तर मी शांत होईन.

आणि मागच्या पत्रात "अजून काही लिहायचं होतं" म्हणालीस. काय होतं?

तुझी भुजली


पिपरघाट (नवीन)
२८ जुलै २०२४

माझी भुजली,

तुह्या पत्राले दीड महिना झाला. चार वेळा लिहाले बसली अन् चार वेळा फाडलं. आज पूर्ण लिहितो, मंग पेटीत टाकाले स्वतः लाखनीले जातो, कोणाच्या हाती देत नाई.

तुहं बरोबर नाई. दादा भित्रा नाई. त्यानं प्लॉट मागितला नाई. म्या मागितला.

आंधळगावची माय जेव्हा विचारे ना, आजूबाजूले कोण, तेव्हा राजकुमारच्या बाबानं पाण्याचा गिलास पुढे केला. तिनं माह्याकडे पाह्यलं. म्या म्हणाले पाह्यजे होतं, बाजूले माह्या भुजलीचा भाऊ आहे, मी त्याले राखी बांधतो. म्या म्हणलं, "अजून पक्कं नाई." पाव्हणे गेल्यावर भैय्याजी अन् राजकुमारचे बाबा माह्यापाशी आले. म्हणे, "चंद्रकला, तो आपलं कोणाचं ऐकणार नाई, तुहं ऐकंल. तू बोल." तुले सांगू? मी नाई म्हणू शकली असती. मारणार नव्हते मले. पण मलेही मनात तेच वाटून राहिलं होतं. टाळी वाजवली तेव्हा खरी वाजवली वं, भुजलीची शपथ. पण पाव्हण्यांच्या डोळ्यानं पाह्यलं तर तेच दार, तेच अंगण मले निराळं दिसाले लागलं. हे मी कोणाले सांगतलं नाई, तुलेच सांगतो.

मी दादाकडे गेली. म्हणलं, दादा, राजकुमारचं लग्न अडते. त्यानं एकच विचारलं, "तुही मर्जी आहे का वं बाई?" म्या म्हणलं, "व्हय." त्यानं कागदासाठी हात पुढे केला. सही केली अन् म्हणे, "बहिणीले मी सांगतो. तू काही नोको सांगू, तिचं तुह्यावर मन आहे, ते मोडंल." अन् मंग तू त्याले भित्रा म्हणली, अन् त्यानं ऐकून घेतलं. माह्यासाठी.

तू लिहिलं होतं, तुह्यावर सोडते. ते पत्र माह्या उशीखाली होतं तेव्हा.

आता पुढचं ऐक. मागच्या आठवड्यात पाणी धो-धो झालं. गावातलं सगळं पाणी दक्षिणेच्या टोकाले गेलं, जाणारच, उतारच तिकडे आहे. दादाच्या घरात मांडीएवढं पाणी. प्रतिक्षाले आठवा लागलेला, तिले खाटेसकट उचलून शाळेत नेलं. धानाची पोती भिजली. आमच्या अंगणात चप्पलही ओली नाई झाली.

मी शाळेत भाकरी अन् चटणी घेऊन गेली. दादाच्या पायाले टिनाचा पत्रा लागलेला, पट्टी बांधून बसला होता. मले पाहून एवढा खूष झाला जसा मीच त्याले वाचवलं. प्रतिक्षानं तशातही चुलीवर चहा मांडला, कप भरून माह्यापुढे केला. अन् माह्या तोंडून काय निघालं माहीत आहे? "नोको माय, आज माहा उपास आहे."

कोणताच उपास नव्हता त्या दिवशी. मी सकाळी घरी चहा-पोहे खाऊनच निघाली होती. दादा हासला अन् कप आपल्याकडे ओढून घेतला, "ताईचे उपास लय असतेत" म्हणे. मी घरी आली अन् मोरीत बसून रडली. साधनानं विचारलं काय झालं, म्हणलं कान दुखते.

साहेबाकडे जाऊन आली. म्हणलं, ते सही म्या खोटं बोलून घेतली, फिरवा. म्हणते, दोघांची मर्जी होती, नोंद झाली, बांधकाम झालं, आता काही होत नाई. घरी कळलं. राजकुमारचे बाबा माह्याशी बोलत नाई, भैय्याजीनं अंगणात तारेचं कुंपण घातलं.

मले माफ कर असं लिहाले हात होत नाई. तू फक्त दादाले फोन कर. माहं मंग पाहू.

तुही भुजली


चंद्रपूर
९ ऑगस्ट २०२४

चंद्रकला,

हे नाव लिहायला मला आठवडा लागला. शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत घेतलं असेल, त्यानंतर आजच. पाहा, काही आकाश कोसळलं नाही.

दादाला फोन केला. मी रडत होते, आणि तो काय म्हणाला? "तिले बोलू नोको. तिच्या पोराचं लग्न होतं." मी त्याची माफी मागितली. त्यानं पुन्हा तेच विचारलं, जेवली का? मला वाटतं, हे ओझं आता माझ्याबरोबरच जाईल. ज्यानं माझ्यासाठी शाळा सोडली त्याच्यावर मी विश्वास ठेवला नाही, आणि जिच्यावर ठेवायला नको होता तिच्या स्वाधीन त्याला केलं.

तुला एक सांगायचं आहे. तुझे उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादस. आमच्या घरी तू आलीस आणि तुझा उपास नाही असा एकही दिवस मला आठवत नाही. लहानपणी मला खरंच वाटायचं तू फार देवाची आहेस. मोठी झाल्यावर मी आईला म्हटलं, अग, तिचा उपास बिपास काही नसतो. आई शेंगदाणे भाजत होती. म्हणाली, "माहीत आहे मले, पहिल्या दिवसापासून. पण पोरगी पळत येते ना आपल्या घरी? तिले लाज नाई वाटली पाह्यजे." इतकी वर्षं तुझी लाज आम्ही राखली, चंद्रकला. दादानं परवा शाळेतही तेच केलं. तू ते प्रेम समजलीस. होतंही. पण एकाच बाजूनं किती करायचं?

तुला गावानं शिकवलं, मला ठाऊक आहे. तुझ्या आजीला तिच्या आजीनं शिकवलं. म्हणून मला तुझा राग येतो तेवढीच तुझी कीवही येते, आणि कीव येते म्हणून जास्त राग येतो. प्लॉट गेला, तो आता येत नाही. तू साहेबाकडे गेलीस हे बरं केलंस. उशिरा केलंस.

वीस तारखेला, राखीच्या दुसऱ्या दिवशी, मी येते आहे. एस्टीनं दुपारी पोचेन. दादाच्या घरी, दक्षिणेला. प्रतिक्षा भात आणि वांग्याची भाजी करणार आहे, सुक्या झिंग्यांची चटणी मी करीन, तुझ्या तोंडाला लहानपणी वासानंच पाणी सुटायचं. तू ये. मागच्या गल्लीनं नको, चौकातून ये, भैय्याजींच्या दारावरून, सगळ्यांच्या देखत. आमच्यात बसून जेव. तुला काय म्हणून हाक मारायची ते मी त्यानंतर ठरवीन.

उपास असेल तर आधीच कळव. शेंगदाणे भाजायला आता आई नाही.

विमल


पिपरघाट (नवीन)
१४ ऑगस्ट २०२४

वरती काय लिहू ते समजलं नाई, म्हणून जागा सोडली.

घरी सांगतलं मी. लपून नाई, जेवताना सगळ्यांसमोर सांगतलं. राजकुमारचे बाबा ताटावरून उठून गेले. भैय्याजी म्हणे, मंग तिकडेच राहा. साधना ताटं उचलाले लागली, अन् मंग भांडे घासता घासता माह्या कानाशी येऊन विचारते, "आई, मी येऊ का सोबत?" म्या म्हणलं तुह्या मायले विचार. म्हणे, "मायले कायले विचारू?" पाहू, त्या दिवशी निघते का नाई ते. तिच्यासाठी मी काही बोलत नाई, माहं मले सांभाळू दे.

मले भेव वाटून राहिलं. लोकांचं नाई तेवढं, जेवढं दादाच्या पंक्तीत बसाचं वाटते. तो पुन्हा हासला अन् काहीच बोलला नाई तर माह्या घशाखाली घास कसा उतरंल? पण येतो. चौकातूनच येतो.

माहा उपास नाई. कधीच नव्हता. भात जास्त टाकाले सांगजो.

चंद्रकला